एक वचन, एक चौक आणि दोन पुस्तके

पुण्यात मुठा नदीवरच्या म्हात्रे पुलावरून आम्ही किती वेळा गेलो असू, याची मोजदाद नाही. विद्यार्थी असताना सायकलवरून गेलो, पुढे शिकवायला लागल्यावर रिक्षातून. हे म्हात्रे कोण, असा प्रश्न मात्र फार वर्षे आमच्या मनात आला नाही. रवींद्र म्हात्रे हे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे नेमणुकीवर असलेले भारतीय राजनैतिक अधिकारी. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांचे अपहरण झाले. अपहरणकर्त्यांना तिहार तुरुंगातील मकबूल बट याची सुटका हवी होती. दोनच दिवसांत म्हात्रे यांचा मृतदेह सापडला आणि त्याच आठवड्यात, ११ फेब्रुवारीला, बट याला फाशी देण्यात आली. आज पूल रोज वापरात आहे आणि ज्याच्या नावाचा तो आहे तो माणूस जवळजवळ विस्मरणात गेला आहे.

हे आठवण्याचे कारण असे, की त्याच वर्षी, त्याच देशात, जेमतेम दहा आठवड्यांनी घडलेल्या दुसऱ्या एका हत्येविषयी आम्ही सध्या वाचत आहोत. म्हात्रे यांच्या बाबतीत वकिलातीतला माणूस बळी गेला होता. या दुसऱ्या प्रकरणात गोळी वकिलातीतून सुटली. बळी गेली एक पंचवीस वर्षांची महिला पोलीस. तिच्या एका सहकाऱ्याने तिला दिलेले वचन तो पुढे चाळीस वर्षे वाहत राहिला. शोक, न्याय आणि मैत्री या तीन गोष्टी त्या वचनात अशा गुंतल्या आहेत, की साहित्याच्या अभ्यासकांनी हे प्रकरण केवळ गुन्ह्याची हकीकत म्हणून सोडून देऊ नये असे आम्हांस वाटते.

१७ एप्रिल १९८४. मंगळवारची सकाळ. लंडनच्या सेंट जेम्स चौकात पाच क्रमांकाच्या इमारतीत लिबियाची वकिलात होती. गद्दाफी यांच्या राजवटीने वकिलातींचे नाव बदलून ‘पीपल्स ब्युरो’ असे केले होते आणि फेब्रुवारीत त्या इमारतीचा ताबा ‘क्रांतिकारी’ म्हणवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या समितीने घेतला होता. परदेशात आश्रय घेतलेल्या विरोधकांना ही राजवट ‘भटके कुत्रे’ म्हणत असे आणि हा शब्द केवळ शिवी म्हणून वापरला जात नव्हता. एप्रिल १९८० मध्ये बीबीसीच्या अरबी सेवेतील पत्रकार मोहम्मद मुस्तफा रमदान यांना लंडनच्या रीजंट्स पार्क मशिदीबाहेर गोळ्या घालून ठार करण्यात आले होते. त्याच महिन्यात लंडनमध्येच एका लिबियन वकिलाचाही खून झाला. १९८४ च्या एप्रिलमध्ये त्रिपोलीच्या विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना सर्वांदेखत फासावर चढवण्यात आले. त्याचा निषेध करण्यासाठी सुमारे पाऊणशे लिबियन त्या सकाळी चौकात जमले होते. त्यांतील बहुतेकांनी चेहरे झाकून घेतले होते. इमारतीतून छायाचित्रे घेतली जातील, ओळख पटेल आणि त्याची किंमत त्रिपोलीत किंवा बेनगाझीत राहिलेल्या आईवडिलांना मोजावी लागेल, ही भीती मुळीच काल्पनिक नव्हती.

निदर्शक आणि वकिलात यांच्यामध्ये पोलीस उभे होते. त्यांत इव्हॉन फ्लेचर होती. विल्टशरमधल्या सेमली या खेड्यातली, चार बहिणींतली थोरली. पोलिसात जाण्याचा ध्यास लहानपणापासूनचा. भरतीसाठी लागणाऱ्या उंचीपेक्षा तिची उंची थोडी कमी भरत होती, तरी १९७७ मध्ये ती लंडनच्या पोलीस दलात दाखल झाली. ज्या तरुणाशी तिचे लग्न ठरले होते तोही पोलिसातलाच, आणि त्या सकाळी त्याच चौकात कर्तव्यावर होता. शेजारी उभा होता तिचा सहकारी जॉन मरे.

येथे वाचकांनी एक तपशील नीट डोळ्यांपुढे आणावा. पोलिसांची पाठ वकिलातीकडे होती आणि तोंड निदर्शकांकडे. बंदोबस्ताची रीतच तशी. गोंधळ झाला तर तो घोषणा देणाऱ्या जमावात होईल, परक्या देशाच्या अधिकृत कचेरीत नव्हे, असे गृहीत धरलेले असते. म्हणजे इव्हॉन फ्लेचर ज्या माणसांवर नजर ठेवून होती त्यांचे चेहरे झाकलेले होते आणि ज्यांच्याकडून मृत्यू यायचा होता त्यांच्याकडे तिची पाठ होती. दहा वाजून अठरा मिनिटांच्या सुमारास पहिल्या मजल्याच्या खिडक्यांतून यांत्रिक बंदुकीच्या फैरी झडल्या. अकरा निदर्शक जखमी झाले. फ्लेचरला गोळी पाठीत लागली. ती कोसळली, तिची टोपी रस्त्यावर पडली. तासा-दोन तासांत, वेस्टमिन्स्टर रुग्णालयात, तिचा मृत्यू झाला.

जॉन मरे खाली बसून तिला धीर देत होते आणि रुग्णवाहिकेतही तिच्याबरोबर गेले. हे कोणी केले ते शोधून काढीन, असे वचन आपण तिला तेथे दिले, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मरणाऱ्या माणसाला आपण जे बोलतो त्याचा अर्थ बहुधा सांत्वनापुरताच असतो. ते शब्द कोणी करारनामा म्हणून वाचत नाही. मरे यांनी मात्र ते तसे वाचले, हीच या इतिहासातली असाधारण गोष्ट.

कारण त्यानंतर जे घडले त्याचा हेतू, निदान परिणाम, ते वचन निरर्थक ठरवण्याचाच होता. पोलिसांनी इमारतीला वेढा घातला. तो अकरा दिवस चालला. इतके दिवस ती टोपी चौकातच पडून असल्याचे चित्र ब्रिटनमधल्या घरोघरी पोचले. तिकडे त्रिपोलीत ब्रिटिश वकिलातीलाही घेरण्यात आले होते. आत अडकलेल्या ब्रिटिश नागरिकांचा जीव लंडनमधल्या प्रत्येक निर्णयाला बांधलेला होता. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार वकिलातीची वास्तू आणि राजनैतिक अधिकारी यांना यजमान देशाच्या कायद्यापासून संरक्षण असते. ब्रिटनने लिबियाशी संबंध तोडले आणि आतल्या तीस जणांना देश सोडून जाऊ दिले. राजनैतिक मुद्रा असलेल्या त्यांच्या पेट्या कोणी उघडल्या नाहीत. तो दिवस होता २७ एप्रिल. त्याच दिवशी सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये इव्हॉन फ्लेचरचा अंत्यविधी झाला. संशयित विमानतळाकडे जात होते आणि शवपेटीवर टोपी ठेवलेली होती.

या निर्णयावर संतापणे सोपे आहे. आम्हीही प्रथम वाचताना संतापलो. पण हाच नियम आपल्या देशाच्या परदेशातील अधिकाऱ्यांचेही रक्षण करतो, हे विसरून चालणार नाही. त्रिपोलीत अडकलेल्यांच्या जिवाची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्यासमोर दुसरी वाटही फारशी सुकर नव्हती. सलणारी गोष्ट वेगळीच आहे. निदर्शने होऊ दिली तर परिणाम होतील, असा इशारा लिबियाच्या अधिकाऱ्यांनी आदल्या रात्री लंडनमध्ये आणि त्रिपोलीतही ब्रिटिशांना दिला होता. वकिलात आणि त्रिपोली यांच्यातील संदेश ब्रिटिश गुप्तवार्ता यंत्रणेने टिपले होते. चौकात उभ्या असलेल्या शिपायांपर्यंत त्यातले काहीही वेळेवर पोचले नाही. पाठ कोणीकडे करून उभे राहायचे, हे ज्यांनी ठरवले त्यांना धोका कोणत्या बाजूला आहे हे माहीत नव्हते. ज्यांच्याजवळ ती माहिती होती ते चौकात नव्हते.

राज्यसंस्थेची स्मृती आणि माणसाची स्मृती यांचा प्रवास येथून वेगळा होतो. राज्यसंस्थेने स्मारक उभारले. चित्रपट दिग्दर्शक मायकेल विनर यांच्या पुढाकाराने निधी जमला आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी चौकातल्या छोट्या शिळेचे अनावरण केले. १९८७ मध्ये राजनैतिक वास्तूंविषयी नवा कायदा झाला. १९९९ मध्ये लिबियाने या मृत्यूची ‘सर्वसाधारण जबाबदारी’ मान्य केली, कुटुंबाला भरपाई दिली आणि दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले. ‘सर्वसाधारण जबाबदारी’ हा शब्दप्रयोग भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावा असा आहे. त्यात जबाबदारी आहे, पण कर्ता नाही. व्याकरणातला कर्मणी प्रयोग राजनीतीला किती उपयोगी पडतो! २००४ मध्ये टोनी ब्लेअर वाळवंटातल्या तंबूत गद्दाफी यांना भेटले. राज्यसंस्थेच्या वहीत हिशेब मिटल्यासारखा झाला होता.

मरे यांच्या वहीत तो मिटला नव्हता. २०११ मध्ये गद्दाफी यांची राजवट कोसळली आणि आशा पुन्हा जागी झाली. मे २०१२ मध्ये लिबियाचे हंगामी पंतप्रधान अब्दुररहीम अल-कीब यांनी सेंट जेम्स चौकात जाऊन त्या शिळेपाशी फुले वाहिली. कीब स्वतः दीर्घकाळ परदेशात राहिलेले प्राध्यापक. त्यांच्या देशाची जी कचेरी तेथून जवळच होती तिच्यातून झालेल्या खुनाच्या बळीपुढे ते नतमस्तक झाले, या प्रसंगाची नोंद आम्हांस महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सालेह इब्राहिम मबरूक या लिबियनास ब्रिटनमध्येच अटक झाली. १९८४ मध्ये तो त्या वकिलातीवरील क्रांतिकारी गटातला एक प्रमुख मानला जात होता. मे २०१७ मध्ये त्याच्याविरुद्धचा तपास थांबवण्यात आला. पुरावा नव्हता म्हणून नव्हे. असलेला पुरावा राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव न्यायालयात मांडता येणार नाही म्हणून. पहिल्या वेळी परक्या राज्याचे संरक्षण आड आले होते, या वेळी आपल्याच राज्याचे गुपित आड आले.

एखादा माणूस येथे थकला असता. मरे यांनी दिवाणी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. फौजदारी खटला राज्यसंस्थेच्या हाती असतो. दिवाणी दावा मात्र ज्याला इजा झाली तो स्वतः लावू शकतो आणि तेथे सिद्धतेची कसोटीही ‘निःसंशय’ अशी नसून ‘अधिक संभवनीय काय’ अशी असते. त्यांनी भरपाई मागितली ती एक पौंड. ती रक्कम म्हणजे एक विधानच होते. त्यांना पैसे नको होते, नाव हवे होते. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने त्या गोळीबारास मबरूक संयुक्तपणे जबाबदार असल्याचा निर्णय दिला. येथेही एक बारकावा आहे. गोळ्या सुटण्यापूर्वीच मबरूकला चौकात अटक झाली होती, कारण पोलिसांचे अडथळे उभारण्यास त्याने विरोध केला होता. बंदूक त्याच्या हाती नव्हती. न्यायालयाने म्हटले ते एवढेच, की ज्या सामाईक योजनेतून ती बंदूक चालली त्या योजनेत तो सहभागी होता. तो सुनावणीस हजर नव्हता आणि या निर्णयाने त्याला तुरुंगवास होणार नव्हता. २०२४ मध्ये घटनेला चाळीस वर्षे झाली तेव्हाही या खुनासाठी कोणाला फौजदारी शिक्षा झालेली नव्हती. तरीही व्याकरण बदलले होते. कर्मणी वाक्याला एक कर्ता मिळाला होता.

आता मैत्रीकडे वळू. त्या दिवशी कर्तव्यावर असलेला आणखी एक तरुण पोलीस होता, मॅट जॉन्सन. पुढे मानसिक आघातामुळे त्यांना पोलीस दल सोडावे लागले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि त्या लेखनातून गुन्हेगारी कादंबरीकार जन्माला आला. एक माणूस आघातावर उतारा म्हणून कल्पिताकडे गेला आणि दुसरा त्याच आघातावर उतारा म्हणून न्यायालयाकडे. स्वभावतः या दोन वाटा परस्परविरोधी. एकीला घडलेले बदलून सांगण्याची मुभा, दुसरीला एका शब्दाचीही नाही. पण २०२४ मध्ये हे दोघे एका पुस्तकावर एकत्र आले. ‘नो ऑर्डिनरी डे’ हे ते पुस्तक. फ्लेचर प्रकरणाचा तो शोध आहे, लेखक जॉन्सन आणि सोबतीला मरे. कादंबरीकाराने तेथे कल्पनेचा हात आवरला आणि फिर्यादीने आपली आठवण दुसऱ्याच्या लेखणीकडे सोपवली. न्याय हे एकट्याने करावयाचे काम नाही, कोणीतरी ऐकणारा लागतो, याचे इतके साधे उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही. खटल्यात जे मांडता येत नाही, म्हणजे चाळीस वर्षांचा शोक, तो मांडायला मित्र लागतो.

आणि नेमक्या त्याच वर्षी चौकाच्या दुसऱ्या बाजूनेही एक पुस्तक आले. हिशाम मतार यांची ‘माय फ्रेंड्स’ ही कादंबरी. मतार यांचा जन्म न्यूयॉर्कचा, बालपण त्रिपोली आणि कैरोतले. त्यांचे वडील जाबल्ला मतार गद्दाफींचे विरोधक. १९९० मध्ये कैरोतून त्यांचे अपहरण झाले, लिबियाच्या तुरुंगात त्यांना डांबले गेले आणि पुढे ते बेपत्ताच राहिले. त्या शोधाची हकीकत ‘द रिटर्न’ या पुस्तकात आहे. त्याला २०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९८४ मध्ये मतार तेरा वर्षांचे होते. ते चौकात नव्हते. त्यांच्या कादंबरीचा निवेदक खालेद मात्र तेथे आहे. एडिंबरा विद्यापीठात शिकणारा, बेनगाझीहून आलेला हा मुलगा मित्राच्या आग्रहाने निदर्शनाला जातो, चेहरा झाकून उभा राहतो आणि छातीत गोळी घेऊन खाली पडतो. त्यानंतर त्याला घरी जाता येत नाही. काय झाले हे आईवडिलांना फोनवर सांगताही येत नाही, कारण दुसरेही कोणी ऐकत असते. देश गेला, शिक्षण गेले. उरतात ते दोन मित्र, मुस्तफा आणि होसाम. कादंबरीतला सगळा काळ हा २०१६ मध्ये एका रात्री लंडनमधून पायी चालणाऱ्या खालेदच्या आठवणींचा काळ आहे.

ही कादंबरी वाचेपर्यंत आमचे त्या अकरा जखमींकडे लक्षच गेले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. फ्लेचर प्रकरणाच्या कोणत्याही हकिगतीत ते एका वाक्यात येतात आणि जातात. त्यांच्या नावांची शिळा नाही. दोष शिळा उभारणाऱ्यांचाही नव्हता. ज्यांनी भीतीपोटी स्वतःचे चेहरे झाकले होते त्यांना जाहीर स्मारक परवडलेही नसते. त्यांच्या बाबतीत मौन हीच सुरक्षितता होती. म्हणून त्यांचे म्हणणे इतिहासात येण्यासाठी चाळीस वर्षे आणि एका कल्पित निवेदकाची गरज पडली. जे खऱ्या नावाने बोलता येत नाही ते खालेद या नावाने बोलले गेले.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू. साहित्यगुणांत ती समान आहेत असा आमचा दावा नाही. एक चौकशीचे पुस्तक आहे, दुसरे गंभीर कलाकृती. पण दोन्ही एकाच सकाळीतून निघाली आहेत आणि दोन्हींत मैत्री ही भावनेची सजावट नसून जगण्याची व्यवस्था आहे. राज्यसंस्थेने ज्यांना वाऱ्यावर सोडले त्यांनी एकमेकांना धरून ठेवले, एकीकडे पोलिसांनी आणि दुसरीकडे परागंदा तरुणांनी. आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या सकाळी पोलीस आणि निदर्शक अडथळ्याच्या दोन बाजूंना होते, परंतु बंदुकीच्या दृष्टीने ते एकाच बाजूला होते. गोळीने दोघांत फरक केला नाही. स्मृतीने मात्र केला. पोलीस ब्रिटनच्या शोकात गेले आणि निदर्शक लिबियाच्या मौनात. ज्या मैत्रीला खरोखर अनपेक्षित म्हणावे ती या दोन स्मृतींमधली आहे आणि ती अजून पुरती जुळलेली नाही. कीब यांची फुले, न्यायालयाचे निकालपत्र आणि मतार यांची कादंबरी ही तिची पहिली काही पावले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. साहित्याचे शिक्षक असल्यामुळे, कायदा हरला तेथे साहित्य जिंकले, असे वाक्य आमच्या जिभेवर सहज येते. ते खरे नाही. मरे यांना कादंबरी नको होती, निकाल हवा होता. मतार यांनाही वडिलांविषयीचे पुस्तक नव्हे, वडील हवे होते. साहित्य हे न्यायाचे दुय्यम पारितोषिक नव्हे आणि ते तसे वाटून टाकणे हा दुःखितांचा अपमान आहे. साहित्य करू शकते ते एवढेच, की पाठ फिरवून उभ्या असलेल्या माणसाला वळायला लावते. ज्यांच्यावर नजर ठेवली होती त्यांचे चेहरे दाखवते आणि ज्यांच्याकडे पाठ होती त्या खिडक्याही. शिक्षा देणे त्याच्या हाती नाही. विसरणे थोडे अवघड करणे त्याच्या हाती आहे.

सेंट जेम्स चौकातली ती शिळा अगदी लहान आहे. तिच्यापाशी मुद्दाम थांबावे लागते. मरे दरवर्षीच्या स्मृतिदिनी तेथे जात आले आहेत. आमच्याकडचा पूल मात्र थांबण्यासाठी नसतोच, तो ओलांडण्यासाठी असतो. परवा संध्याकाळी आम्ही म्हात्रे पुलावर थोडा वेळ कठड्याशी उभे राहिलो. मागून गाड्यांचे भोंगे वाजत होते. सोबत आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘येथे का थांबलो?’ त्याला बर्मिंगहॅमची हकीकत सांगायला सुरुवात केली, आणि ती सांगताना आमच्या लक्षात आले, की आम्हालाही ती पुरती ठाऊक नाही. आता ती शोधणे आले.